“चित्र छान आहे, पण कापड किती?” : प्रिन्स इगोर, रोरिक आणि एक झगा

गवाक्ष

नमस्कार मंडळी. हा धागा ‘कला’ विभागात टाकायचा की ‘शिवणकामा’त, यावर बराच वेळ घोटाळले. शेवटी इथेच टाकतेय. संपादकांना वाटलं तर हलवावा.

झालं असं की आमच्या हौशी संस्थेच्या बालनाट्यात यंदा एका भटक्या टोळीचा नाच आहे आणि वेशभूषा माझ्याकडे आली. मी हौसेने चार कागदांवर पोस्टर कलरमध्ये सगळं रंगवलं: झगे, विजारी, लांब वेण्या, कमरपट्टे. कागद आमच्या टेलरमास्तरांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एकेक कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, “ताई, चित्र छान आहे. पण कापड किती?”

मला उत्तर देता येईना. तेव्हापासून हा किडा डोक्यात वळवळतोय.

माझी चित्रं ज्यांच्यावरून ‘सुचली’ (खरं सांगायचं तर ढापली) ती रशियन चित्रकार निकोलस रोरिकची. ‘प्रिन्स इगोर’ या रशियन ऑपेरातल्या नाचांसाठी त्याने १९०९ साली पडदा आणि पोशाख रंगवले. गोष्ट थोडक्यात अशी. ११८५ साली राजा इगोर स्तेपीतल्या पोलोव्हेत्सी टोळ्यांवर चालून जातो, हरतो, आणि कोंचाक खानाच्या कैदेत पडतो. खान त्याला कैद्यासारखा न वागवता पाहुण्यासारखा वागवतो आणि त्याचं मन रमवायला आपल्या माणसांना नि दासींना नाचायला सांगतो. तोच हा प्रसिद्ध नाच. संगीत अलेक्सांद्र बोरोदिनचं. सर्गेई द्यागिलेव या रशियन निर्मात्याच्या बॅले मंडळीने १९ मे १९०९ला पॅरिसच्या शातले थिएटरात फक्त हा छावणीचा अंक केला. नृत्यरचना मिखाईल फोकिनची, धनुर्धाऱ्यांचा म्होरक्या अदोल्फ बोल्म.

मी छापील प्रती पाहिल्यात, मूळ कागद नाही. त्यात नाचणारी दिसते, तिचा डौल दिसतो, रंग दिसतो. पण शिवण कुठे, बटण कुठे, घेर किती, काहीच नाही. मग त्या काळच्या शिंप्याने हे शिवलं तरी कसं? त्याने नाही का विचारलं, कापड किती म्हणून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खारेदाणे

रसायनवाल्यांच्या वतीने हजेरी लावून जातो. बोरोदिन पेशाने रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता, संगीत हा त्याचा सुट्टीतला उद्योग. अल्डॉल अभिक्रियेच्या शोधात त्याचं नाव येतं, कॉलेजात आम्ही ती पाठ केली पण हा माणूस ऑपेरा लिहितो हे कुणी सांगितलं नाही. १८६९ला ‘इगोर’ हातात घेतला आणि १८८७ला एका मेजवानीत कोसळून गेला तोवर तो अपुराच. अठरा वर्षं! मग रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या दोघा संगीतकारांनी मिळून पुरा केला आणि १८९०ला पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरात रंगमंचावर आला.

पोशाखातलं मला ओ की ठो कळत नाही. वाचतोय.

शिंपीणकाकू

गवाक्ष, तुझ्या मास्तरांना माझा नमस्कार सांग. त्यांनी योग्य तोच प्रश्न विचारला.

मी बत्तीस वर्षं नाटकांचे कपडे शिवले. व्यावसायिक, संगीत, शाळेची गॅदरिंगं, सगळं. रशियातलं माहीत नाही, पण वेशचित्र कुठलंही असो, त्याच्याकडे भिंतीवर टांगायचं चित्र म्हणून बघू नये. ती शिंप्याला लिहिलेली चिठ्ठी असते. चिठ्ठीत सगळं लिहीत नाहीत, समोरच्याला जे ठाऊक आहे ते सोडून देतात. चित्रकार तीन गोष्टी सांगतो: आकार कसा उठला पाहिजे, कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी बसतो, आणि अंग हललं की कापड कुठे जातं. नाचणारीचा हात वर का काढलाय? ऐटीसाठी नाही. हात वर गेला की बाही किती खाली घसरते आणि बगलेत ओढ बसते का, हे त्यातून कळतं. बाकीचं कडेला पेन्सिलीने: पात्राचं नाव, असे किती नग, कुठलं कापड. कधी कापडाचा तुकडाच टाचणीने टोचलेला असतो. तू चार चित्रं रंगवलीस आणि कडेला एक अक्षर लिहिलं नाहीस, हो ना?

आता घेराचं. असले पूर्वेकडचे झगे बेतायला सगळ्यात सोपे असतात, कारण ते अंगाच्या मापाने बेततच नाहीत, कापडाच्या पन्ह्याने बेततात. हातमागाचा अरुंद पन्हा. तोच सरळ खांद्यावरून पुढे-मागे सोडायचा, बाजूला खाली रुंद होत जाणारी पट्टी जोडायची, बाहीही सरळ, बगलेत चौकोनी तुकडा. वाया काही जात नाही. ज्याने एकदा असा झगा शिवलाय त्याला चित्रात शिवण दाखवायची गरजच काय? तू पाटणकर काढ्याच्या बाटलीवर ‘बाटली उघडा’ असं लिहितेस का?

गवाक्ष

काकू, नाही लिहिलं. एक अक्षर नाही. :(

आडवाटेचा वाटसरू

काकूंच्या प्रतिसादाला +१. एक भर घालतो, आणि माझ्या मते या धाग्याचं खरं उत्तर त्यात आहे.

त्या पोशाखांचं कापड रोरिकने ‘रचलं’च नव्हतं. ते तयार मिळालं. द्यागिलेवच्या माणसांनी पीटर्सबर्गमधली पौर्वात्य मालाची दुकानं धुंडाळून मध्य आशियाई रेशीम उचललं. आजचा उझबेकिस्तान, त्या वेळचं रशियाचं तुर्कस्तान. आज त्यातले बरेच पोशाख लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि त्यांतल्या काहींवर चक्क इकत आहे. म्हणजे ताणा (उभे धागे) आधी बांधून रंगवायचा आणि मग विणायचं, आपल्या पोचमपल्लीसारखं.

त्या बांधणीला तिकडे ‘अब्रबंदी’ म्हणतात. फार्सी ‘अब्र’ म्हणजे ढग. आपला ‘अभ्र’च की! ढग बांधणे. ताण्यावरचा रंग विणताना थोडा इकडेतिकडे सरकतो, म्हणून नक्षीची कड धूसर होते, ढगाच्या कडेसारखी. आता हे रंगमंचावर नेऊन बघा. बाराव्या रांगेतल्या माणसाला नाजूक भरतकाम दिसत नाही, पण हातभर मोठे तांबडे-पिवळे डाग, तेही कडा फुटलेले, नाचणाऱ्याबरोबर हलताना दिसतात. कापड स्वतःच नाचतंय असं वाटतं. बुखारा नाहीतर मर्गिलानच्या विणकराने हे केलं ते कुणाच्या घरच्या लग्नासाठी, पॅरिससाठी नाही.

म्हणून मला वाटतं, तो नाच रोरिकच्या कुंचल्याएवढाच त्या बिननावाच्या रंगाऱ्यांचा आहे.

जालनेकर

इकत निघालं म्हणून राहवत नाही. पाटणचे पटोला विणणारे साळवी मूळचे आमच्या जालन्याचे, सोळंकी राजा कुमारपाळाने ७०० कुटुंबं तिकडे नेली, असं परंपरेने सांगतात. कुमारपाळ बाराव्या शतकातला, तुमचा इगोर ११८५चा. म्हणजे तिकडे इगोर कैदेत जायच्या थोडं आधी इकडे आमची मंडळी गाठोडं बांधून गुजरातेत पोचली होती. पटोल्यात तर ताणा आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही बांधतात.

जालन्याचं नाव कुणी काढत नाही म्हणून लिहिलं. आटोपशीर घ्या.

खारेदाणे

थांबा, मला एक शंका. पोलोव्हेत्सी बाराव्या शतकातले, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातले. ते मोठ्या डागांचं उझबेकी इकत एकोणिसाव्या शतकातलं, तिथून दोनेक हजार किलोमीटरवरचं. म्हणजे शिवकालीन नाटकात मावळ्याला बनारसी शेरवानी घातल्यासारखं झालं. आणि रोरिक तर म्हणे पुरातत्त्वाचा माणूस होता?

आडवाटेचा वाटसरू

होता, चांगलाच. १८७४चा जन्म, वडिलांच्या आग्रहाखातर कायदा आणि स्वतःच्या हट्टाने चित्रकला, दोन्ही एकाच वेळी शिकला. उन्हाळ्यात रशियातले जुने दफनढिगारे उकरायचा. त्यामुळे पोलोव्हेत्सी खरे कसे दिसत ते त्याला ठाऊक नसेल हे शक्यच नाही, कारण त्यांनी आपले पुतळेच मागे ठेवलेत. युक्रेनच्या गवताळ माळावर त्यांच्या दगडी मूर्ती आहेत, पुरुषांच्या नि बायकांच्या, दोन्ही हातांनी पोटापाशी पेला धरलेल्या. अंगरखा, पट्टा, दागिने, बायकांच्या डोक्यावरची टोपी, सगळं कोरलेलं. द्निप्रो शहरातल्या संग्रहालयात तर त्यांचा मोठा संग्रहच आहे.

म्हणजे पुरावा होता. तरी त्याने रेशीम घेतलं. मूर्तीवरून नाच होत नाही.

मॉस्कोची थंडी

खूप वर्षांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. मॉस्कोत शिकायला असताना हा ऑपेरा पाहिलाय, मूळ शब्द माझ्याकडे आहेत.

खारेदाणे, तुमच्या शंकेचं निम्मं उत्तर खान स्वतः देतो. नाच सुरू होण्याआधी कोंचाक इगोरला विचारतो, तुला दूरच्या समुद्रापलीकडची बंदिनी हवी का, कास्पियनपलीकडची दासी हवी का? तिथे ‘चागा’ असा जुना शब्द आहे, म्हणजे पकडून आणलेली बाई. मग ज्या बायका नाचतात त्या पोलोव्हेत्सी नाहीतच! त्या कास्पियनच्या पलीकडून आणलेल्या आहेत. आणि कास्पियनच्या पलीकडे काय आहे? तेच, जिथून रेशीम आलं. त्यांचं गाणंही बघा. जगाला ते गोड प्रेमगीत वाटतं (अमेरिकेत १९५३ साली एका संगीतिकेत त्या सुरावटीचं खरंच प्रेमगीत केलं), पण मूळ शब्द आहेत ‘वाऱ्याच्या पंखांवरून उडून जा, आमच्या देशी जा’. माहेरच्या ओढीचं गाणं आहे ते.

तेव्हा दासींच्या अंगावर तुर्कस्तानी कापड हे चूक नाही, उलट संहितेतून आलेलं वाटतं. लढवय्यांच्या अंगावरचं मात्र तुम्ही म्हणता तसं, बनारसी शेरवानी. :)

आणखी एक. रशियनमध्ये त्या झग्याला ‘खलात’ म्हणतात. आज तिथे खलात म्हणजे घरात घालायचा गाऊन किंवा डॉक्टरचा पांढरा डगला. मूळ अरबी ‘खिलअत’. बखरींत वाचलं असेल, ‘खिलतीची वस्त्रे दिली’. दरबारात मानाने अंगावर घालायचं ते वस्त्र मॉस्कोत दवाखान्यात गेलं आणि आपल्याकडे बखरीतच राहिलं.

गवाक्ष

बापरे. मी माझ्या चित्रात लढवय्यांना आणि दासींना एकाच छापाचे झगे दिलेत. टोळी म्हणजे टोळी, एवढाच विचार केला होता.

खारेदाणे

कास्पियनचा मुद्दा मान्य, हार पत्करली. पण दुसरा मुद्दा सोडत नाही.

ऑपेरात हा नाच कथेच्या पोटात आहे. खान उदार आहे, इगोर घुसमटलाय, आणि इगोरच्या मुलाचं खानाच्या मुलीवर प्रेम आहे. इतिहासातही व्लादिमीरने कोंचाकच्या मुलीशी लग्न केलंच. म्हणजे शत्रू असले तरी सोयरे. पॅरिसला मात्र हा एवढाच अंक गेला. आणि पुढे तर गायक गळून निव्वळ बॅले म्हणून गावोगाव फिरला. मागे उरलं काय? आशियातली रांगडी माणसं, धनुष्यं, घामाघूम उड्या, मखमली खुर्च्यांत बसून बघायला. त्या रेशमाने त्यात भरच घातली. विणकराच्या नावाने आपण गहिवरतोय, पण त्याचं कापड तिकडे ‘रानटी’ या शब्दाची सजावट झालं.

आडवाटेचा वाटसरू

हे खरंय, नाही म्हणत नाही. पण नाचात त्याच वेळी एक वेगळी गोष्ट झाली. बॅलेत तोवर पुरुष म्हणजे नायिकेला उचलून धरणारा खांब. फोकिनने इथे पुरुषांचा अख्खा जथा पुढे आणला, आणि जथ्यालाच नायक केला. त्यासाठी जड, सैल, वाऱ्यावर उडणारं कापडच लागत होतं. तंग पोशाखात ती धाव दिसली नसती.

तुलना करायची तर रोरिकचंच १९१३चं दुसरं काम बघा, ‘वसंतोत्सव’ म्हणून जो बॅले पॅरिसला गाजला, किंवा शिव्या खाऊन गेला. तिथे कापड लोकरी आणि त्याच्यावर रंगाने छापलेली नक्षी: वर्तुळं, चौकोन, पट्टे. तिथे चित्रकाराने कापडावर चित्र काढलं. ‘इगोर’मध्ये कापड आधीच बोलत होतं, त्याने फक्त ते निवडलं. माझा कौल ‘इगोर’ला. लोकरीत नाचणाऱ्यांचे हाल झाले ते वेगळंच.

चांदणचुरा

तोच का हा रोरिक, नग्गरवाला? आम्ही कुलूला गेलो होतो तेव्हा त्याचं घर पाहिलं, निळेजांभळे डोंगर रंगवलेली चित्रं आहेत तिथे. ऑपेराचं कुणी सांगितलंच नाही!

आडवाटेचा वाटसरू

तोच. १९२८पासून नग्गरला, तिथेच १९४७ला गेला. आपल्या सरकारने ज्या मोजक्या चित्रकारांची कामं देशाबाहेर न्यायला बंदी घातलीय, त्यात राजा रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्याबरोबर हा रशियनही आहे. पॅरिसच्या पडद्यावर त्याने पिवळसर आकाश, गोल तंबू आणि त्यांतून सरळ वर जाणारा धूर रंगवला होता. नग्गरची चित्रं आठवून बघा, आकाशाकडे बघायची सवय तीच.

चांदणचुरा

आणि त्याच्या मुलाशी, स्व्येतोस्लावशी, देविका राणीचं लग्न झालं ना? मालाडच्या बॉम्बे टॉकीजवाली देविका राणी. माझी आजी मालाडची, तिच्या तोंडी कायम ‘ती रशियन सून झाली’ असं असायचं. आज कळलं सासरा कोण ते.

अलिबागचा वारा

अवांतर: रशियन ऑपेरा आणि कापड निघालंच आहे तर आमच्या चौल-रेवदंड्याचं नाव घेतो. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात इथे उतरला आणि लिहून ठेवलं की इथली माणसं उघडी हिंडतात, डोकंही झाकत नाहीत, केसांची एक वेणी. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. तिकडे मात्र रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘साद्को’ ऑपेरात एक भारतीय व्यापारी येतो आणि रत्नांचं, मोत्यांचं गाणं गातो. निकितिनने उघडं पाहिलं आणि ऑपेराने दागिन्यांनी मढवलं!

शिंपीणकाकू

अलिबागकर, हसून हसून पोट दुखलं.

तुम्ही सगळे कापडाच्या बाहेरून बोलताय, मी जरा आतून बोलते. पोशाख उलटा करून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टवाल्यांकडे ते कपडे आले कसे? द्यागिलेव १९२९ला व्हेनिसमध्ये वारला, मग पोशाख हातोहात फिरत पॅरिसजवळच्या गोदामात पडून राहिले, आणि १९६८ साली लंडनला लिलावात निघाले. त्या लिलावात बॅले शाळेतल्या मुलामुलींनी ते अंगावर घालून दाखवले! घामाने कडक झालेलं, ठिगळ लावलेलं, आतून कुणा नाचणाऱ्याचं नाव शाईने लिहिलेलं कापड. एकाच झग्यात पाच-सहा नावं म्हणजे तो पाच-सहा अंगांवर बसवून घेतलेला असतो. चित्रातली नाचणारी एकच असते, झगा अनेकींचा. म्हणून सरळ बेताचा झगा बरा, दोरे उसवले की कमी-जास्त करता येतो.

गवाक्ष, आता तुझं. रेशीम घेऊ नकोस, परवडणार नाही आणि पोरं घामेजतील. मशरू घे. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, चमक बाहेर आणि अंगाला सूत. पुरुषांच्या अंगाला रेशीम लागू नये म्हणून मुसलमान विणकरांनी काढलेली युक्ती आहे ती. तिकडे उझबेकिस्तानात ‘अद्रस’ म्हणतात, तोही रेशमी ताणा नि सुती बाणाच, फक्त वीण वेगळी. हल्ली मशरूत कृत्रिम धागा येतो, तोही चालेल, दिव्यांखाली फरक कळत नाही. इकत छापाचं मिळालं तर दासींना दे. लढवय्यांना साधी खादी, एकरंगी, विटकरी. अस्तर लावायचं नाही. चित्राच्या कडेला हे सगळं लिही, आणि ३६ इंची पन्हा, दहा वर्षांच्या मुलीला गुडघ्याखालपर्यंतचा झगा, तीन मीटर, असंही लिही.

मॉस्कोची थंडी

काकू, तुम्ही स्वतंत्र धागा काढा, ‘उलटा करून बघितलेले पोशाख’. पहिला प्रतिसाद माझा.

खारेदाणे

दुसरा माझा. दाणे घेऊन येतो.

गवाक्ष

सगळ्यांचे मनापासून आभार. चारही चित्रांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, दासी वेगळ्या केल्या, लढवय्ये विटकरी केले, आणि आज मास्तरांकडे गेले. त्यांनी कडेचं आधी वाचलं, चित्र नंतर पाहिलं. मग पेन्सिल मागितली, काकूंचे तीन मीटर खोडले आणि साडेतीन लिहिले. म्हणाले, मशरू पहिल्या धुण्यात आटतं.